जितूची बाजू

देवपूर, धुळे
१२ जानेवारी २०२६

जितू,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच फळीवर टाकशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या दाजींकडून, म्हणजे अभिमनकडून, लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. फोन तू घेत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक करून आता तीन वर्षं होतील. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

भांडायला लिहीत नाहीये, अभ्यासाला लिहितेय. मी पुन्हा कॉलेजात जाते. एम.ए., दुसरं वर्ष, विषय शांतता आणि संघर्ष निराकरण. सकाळी शाळेत शिकवते, दुपारी तिकडे शिकते. वर्गात बाकी सगळे बावीस-तेवीसचे आणि मी एकेचाळीसची, त्यामुळे मी वर्गात शिरले की पोरं मलाच प्राध्यापक समजून उठतात. अभिमन म्हणतो, "आधी घरात शांतता आण, मग जगाचं बघ." हे तो टीव्ही मोठा करून म्हणतो.

मला वाटलं होतं, अहिंसेवर भाषणं ऐकायची आणि परीक्षेत तीच लिहायची. तसं काहीच निघालं नाही. इथे भांडण समोर टेबलावर ठेवून उघडून बघतात. कोण कोणाशी भांडतंय, कोण नुसतं उभं राहून मजा बघतंय, कोणाला ते मिटायला नकोय. भांडणारा जे मागतो त्याच्यामागे त्याला खरं काय हवं असतं. मला हे इतकं आवडायला लागलंय की भाजीबाजारात दोघांचं वाजायला लागलं तर मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहते.

आता कामाचं. आमच्या दिपमाला मॅडमनी प्रबंधासाठी एक नियम घातला आहे. ज्या भांडणात तुम्ही स्वतः आहात असंच भांडण घ्या. समोरच्याची बाजू त्याच्या तोंडून, एका पानात लिहा. ते पान त्याच्याकडे पाठवा. त्याने "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हटलं तरच पुढे जायचं. तोवर स्वतःच्या बाजूचं एक अक्षर लिहायचं नाही.

माझ्याकडे भांडण एकच आहे. तुझं-माझं.

मुक्ताईनगरच्या रजिस्टर कचेरीत त्या दिवशी काय झालं ते तुला-मला माहीत आहे, पण मॅडमसाठी लिहावं लागलं. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं लागली. रतिलालकाकांनी रीतीप्रमाणे हक्कसोड पत्र करून आणलं, म्हणजे बहिणीने सही करायची आणि सगळी केळीची जमीन भावाच्या नावावर करायची. मी सही केली नाही. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. मी सही का केली नाही, तर

खोडलं. ती माझी बाजू झाली.

तुझी बाजू मी अशी लिहिली आहे:

"मी जितेंद्र. मला बहिणीचा हिस्सा कधीच नको होता. कागद काकांनी आणले. वडीलधाऱ्यांपुढे मला बोलता आलं नाही. पण लोकांना वाटलं, मीच मागतोय. अक्काने निदान काकांचा मान ठेवून बाहेर येऊन नाही म्हणायला हवं होतं."

बरोबर असेल तर नुसतं "हो" एवढं कळव. मला फक्त प्रबंधासाठी हवंय.

मोहिनी


देवपूर, धुळे
४ फेब्रुवारी २०२६

जितू,

मोनालीचा फोन आला होता. तुझी बायको गोठ्याच्या मागे जाऊन बोलत असावी, कारण मध्येच म्हैस ओरडली. म्हणाली, "अक्का, वाचलं त्यायनं. दोनदा वाचलं. म्हने, असं नही." मी विचारलं, मग कसं? तर म्हणाली, "ते नही सांगलं."

दोनदा वाचलंस, हे ऐकून मी दिवसभर शाळेत कोणावर ओरडले नाही. पोरांना वाटलं मला ताप आहे.

मॅडमना सांगितलं की नापास झाले. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, पहिल्या फटक्यात "हो" आलं की समजावं, समोरच्याने सुटका करून घेतली. मग त्यांनी माझं पान वाचलं आणि विचारलं, "तुमचे भाऊ एवढे चांगले आहेत का?" मी म्हटलं, आहेच. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची ही खोड मला सहन होत नाही. गप्प बसतात आणि मग मलाच काहीतरी बोलावं लागतं. मी बरंच बोलले. तू पहिलीत असताना आई गेली ते सांगितलं. तू बोलताना अडखळायचास, शब्द ओठावर येऊन थांबायचा आणि पोरं हसायची, म्हणून शाळेत तुझी उत्तरं मी द्यायचे तेही सांगितलं. गुरुजींनी तुला नाव विचारलं तरी मीच सांगायचे. दहावीनंतर तू केळीत उतरलास आणि मी पुढे शिकत गेले. मॅडम ऐकत होत्या. मग विचारलं, "आणि लग्नासाठी मुलगी बघायला गेलात तेव्हा?" हसायला आलं मला. मोनालीच्या वडिलांनी तुला काहीही विचारलं तरी मीच सांगत होते, ते आठवतं ना? केळी काढल्यावर पिलबाग ठेवता का, ठिबक किती जागी केलंय, जेवणात काय आवडतं. मोनाली नंतर म्हणायची, "मले वाटलं, यायले बोलताच येत नही." आपण किती हसलो होतो त्यावर.

तू हसला होतास ना? नक्की आठवत नाही.

असो. दुसरं पान:

"मी जितेंद्र. मला जमिनीचं एवढं काही नाही. पण भर कचेरीत, साहेबापुढे आणि सोयऱ्यांपुढे अक्काने नाही म्हटलं. गावात मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पारावर बसलो की लोक विचारायचे, 'काय रे, बहीन काय म्हन्ते?' ज्या घराची इज्जत बहिणीने राखायची, ती तिनेच घालवली."

शेवटचं वाक्य लिहिताना मला त्रास झाला, पण लिहिलं. बघ, मी किती सुधारले.

मोहिनी

ता.क. आखाजी एप्रिलात आहे. हे सहज लिहिलं. शाळेचं कॅलेंडर समोर होतं, त्यात ती अक्षय्य तृतीया म्हणून छापली आहे.


जळगाव
२४ फेब्रुवारी २०२६

जितू,

पंधरा दिवसांसाठी जळगावला आले आहे. इथल्या एका समुपदेशन केंद्रात घरगुती भांडणं मिटवायला दोन्हीकडचे लोक समोरासमोर बसवतात. आम्हा विद्यार्थ्यांना तिथे बसून शिकायचं असतं. चुलतसासूच्या घरी राहिले आहे, रिक्षाने जाते-येते.

तुझा दुसरा निरोप पोचला. मोनालीने तो अगदी जसाच्या तसा सांगितला, दोनदा सांगायला लावला मी तिला: "तिले सांग, बरं लिह्यलं हाये. पन मी असा नही."

हे वाक्य घेऊन मी आठ दिवस हिंडतेय. पहिल्या पानातला जितू साधू होता, तो तू नाहीस. दुसऱ्यातला इज्जतीवर मरणारा, तोही नाहीस. मग तू कसा आहेस? मजा बघ, तुला मी न्हाऊ-माखू घातलंय, आणि एवढं एक मला सांगता येईना. वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त उत्सुकता वाटायला लागली. माझ्या ओळखीचा नसलेला कोणीतरी जितू त्या गावात राहतोय, रोज बागेत जातोय, आणि मी त्याला पाहिलेलाच नाही.

आता एक सांगते. महाशिवरात्रीला मी मुक्ताईच्या यात्रेत होते. अभिमनला सांगितलं, दर्शनाला जाते. दर्शन घेतलंही. तिथून आपलं गाव असं कितीसं लांब, पण आले नाही. बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर तू उभा होतास. मी बांगड्यांच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. दुकानवाली म्हणाली, "घ्यायच्या नसतीन तर सरका बाई," म्हणून एक डझन घेतल्या.

रसवाल्याने तुला काहीतरी विचारलं. बहुतेक बर्फ घालू का. तू तोंड उघडलंस आणि थांबलास. मला ते थांबणं लांबूनही कळतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, बर्फ नको, त्याचा घसा धरतो. पाय पुढे पडलासुद्धा. पण रसवाला हातात ग्लास धरून तसाच उभा राहिला. त्याला घाई नव्हती, की त्याला सवय होती, कोण जाणे. मग तू बोललास आणि त्याने ग्लासात बर्फाचा हा एवढा खडा टाकला.

तुला बर्फ आवडतो?

हे मी तेव्हा सोडून दिलं. काल केंद्रात पुन्हा समोर आलं. पारोळ्याकडचे निंबा आबा म्हणून आहेत, सुनेशी पटत नाही म्हणून दोघं येतात. आबा बोलता बोलता थांबले. "मले घरमा असं वाटस, जशे मी..." आणि गप्प. मी पटकन म्हटलं, "परका?" आबांनी मान हलवली. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, बाकीचेही हळहळले. मला वाटलं, जमलं आपल्याला. बैठक संपल्यावर आबा नळावर भेटले. तोंड धुऊन म्हणाले, "बहीण, मी तसं म्हनणार नव्हतु. पन तुमना शब्द चांगला व्हता."

मी विचारलं, मग काय म्हणणार होतात? तर म्हणाले, "आते नई येवाव तो." आता तो यायचा नाही.

केंद्रातल्या बाईंनी मला आजपासून बोलायची बंदी केली आहे. जो दुसऱ्याचं वाक्य पुरं करील त्याने बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचं. आज सकाळी मी व्हरांड्यातच होते.

तिथे बसून कचेरीतला तो दिवस मी पुन्हा पहिल्यापासून आठवला. साहेबाने मला विचारलं, "ताई, स्वखुशीने सोडताय ना हक्क?" मी म्हटलं, नाही. काका चिडले. मग साहेब तुझ्याकडे वळला आणि त्याने तुला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" तू तोंड उघडलंस. आणि मी म्हटलं, "जितूलाही माझा हिस्सा नकोच आहे. तो बोलत नाही इतकंच."

हे मी दोन्ही पानांत लिहिलं नव्हतं. विसरले नव्हते. ते इतकं नेहमीचं होतं की भांडणात धरायचं असतं हेच सुचलं नाही.

या वेळी पान पाठवत नाही. दोन पानं लिहिली त्यातही मी तेच केलं, नाही का? तुझ्या तोंडून मीच बोलले, आणि वर तुझ्याकडून "हो" मागितलं. सोबत कोरा कागद आहे. साहेबाने विचारलं होतं तेच विचारते आणि थांबते.

तुमचं काय म्हणणं?

मोहिनी


देवपूर, धुळे
१७ मार्च २०२६

जितू,

थांबणं म्हणजे काय असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पोस्टमनला आता मी लांबून दिसले तरी तो हातानेच "नाही" करतो. प्रबंध एप्रिलच्या सुरुवातीला द्यायचा आहे. मॅडम म्हणाल्या, वाटल्यास दुसरं भांडण घ्या, शेजारणीचं चालेल. समोरच्या मंदाबाईंशी माझं पाण्यावरून होतंच असतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "लिख ना माय, मन्हं बठ्ठं बरोबरच शे." सगळंच बरोबर असल्यामुळे त्यांची बाजू दोन मिनिटांत लिहून झाली आणि त्यांनी लगेच "हो" म्हटलं. मी ती फाडून टाकली.

खरं सांगू? प्रबंधाचं मला आता काही वाटत नाही. पहिल्या पत्रात लिहिलं ना, फक्त प्रबंधासाठी हवंय, ते खोटं होतं. मला तू बोलायला हवा आहेस. तीन आखाज्या मी सासरी काढल्या. पोरी माहेराहून येतात, झोक्याच्या, गाण्यांच्या गोष्टी सांगतात, आणि मला विचारलं की मी म्हणते, शाळेला सुट्टी नसते. उन्हाळ्याची सुट्टी नसते म्हणून सांगते मी, आणि त्या बिचाऱ्या मान हलवतात.

मला भीती वाटते. तुला बोलायचं असेल आणि मी इतकी वर्षं मध्ये पडल्याने आता तुझाही शब्द येणार नाही, अशी. निंबा आबांसारखं. असं झालं असेल तर ते मला कसं कळणार? तू गप्पच असशील, आणि मी त्या गप्पपणाचाही काहीतरी अर्थ लावून बसेन. अर्थ लावण्यात मी पटाईत आहे.

यात काहीही विचारत नाहीये. हे पत्र पाठवायला नको होतं, थांबते म्हणाले होते. पण पाठवते. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

मोहिनी


देवपूर, धुळे
२७ मार्च २०२६

जितू,

मोनालीच्या फोनवरून तू पाठवलेला आवाज परवा सकाळी आला. वर्ग चालू होता. मी पोरांना गणितं घालून शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

सुरुवातीला कितीतरी वेळ नुसती बाग ऐकू येते. पानं वाजतात, लांब कोणीतरी घड कापणाऱ्यांना हाका मारतंय. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं. मग तू म्हणालास, "अक्का." आणि पुन्हा थांबलास. माझ्या डोक्यात तुझी तीन वाक्यं तयार झाली होती तोवर, एकाहून एक चांगली. मी पदराचा बोळा तोंडात धरला, खरंच धरला, शिपाई बघत होता.

मग तू बोललास. तू म्हणालास तसंच उतरवते, एक शब्दही इकडचा तिकडे न करता:

"अक्का. मले पाह्यजे होती जमीन. सम्दी. तुह्या वाट्याची बी. म्या कसली ती. आबा नुसते बांधावर बसायचे. मी सायबाले तेच सांगनार होतो. तू म्हनली, जितूले नको. मंग मी काय बोलू? सम्दे म्हनले, कसा भाऊ हाये, देवमानूस. आता देवमानसानं मागावं कसं? ... म्हनून नही बोललो तुह्याशी. मले आता बी पाह्यजे."

आणि शेवटी, फोन बंद करता येईना म्हणून बहुतेक, मोनालीला म्हणालास, "झालं मावं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. सांगते सरळ. इतकी वर्षं मी लोकांना सांगत फिरले की माझा भाऊ तसा नाही, जमिनीसाठी बहिणीला तोडणारा, आणि तू खुशाल तसाच! दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तुझा आवाज ऐकला. केवढा जड झालाय तो. आपल्या आबांसारखा. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की तू मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंस. लहानपणी तुला भूक लागायच्या आत मी वाढायचे. मागायची वेळच आणली नाही तुझ्यावर. पायऱ्यांवर बसून मी रडले, आणि मग गणितं तपासायला गेले. सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.

मॅडमना संध्याकाळी ऐकवलं. त्या म्हणाल्या, ऐकलंत, आता त्यांना परत म्हणून दाखवा, आणि विचारा, हेच का. म्हणून हे पान:

"मी जितेंद्र. मला ती सगळी जमीन पाहिजे होती, कारण मी ती कसली. अक्काने मला चांगला ठरवलं आणि मला मागता आलं नाही. मला अजून पाहिजे."

हेच का?

असेल, तर नियमाप्रमाणे आता माझी पाळी. जानेवारीपासून तोंड दाबून बसले आहे, आणि आता लिहायला घेतलं तर चार ओळींच्या वर जात नाहीये.

मी सही करणार नाही, जितू. तेव्हाही नाही आणि आताही नाही. कसायचं तू, पीक तुझं, त्यावर मी कधी बोलले नाही आणि बोलणार नाही. पण लग्नात माझं आडनाव गेलं. आपल्या दारावरच्या पाटीवर मी नाही. त्या गावात माझं नाव एकाच जागी लिहिलेलं आहे, सातबाऱ्यावर, आबांच्या नावाच्या खाली, तुझ्या शेजारी. ते मी खोडू देणार नाही. कचेरीत हे मला बोलता आलं असतं. मी त्याऐवजी तुझं बोलले.

आता तुला पाहिजे आहे आणि मला द्यायचं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा आपलं भांडण खरं झालं. यातून काय निघेल मला माहीत नाही, आणि वर्गात शिकवलेलं एकही इथे चालेल असं वाटत नाही. तुला जमीन नावावर हवी आहे, की माझ्यामागे माझी पोरं ती दुसऱ्या कोणाला विकतील अशी भीती आहे, की

खोडलं. तू सांगशील.

आखाजीपर्यंत मी काही थांबत नाही. रविवारी पहिल्या गाडीने निघते. तुझं पुरं होईस्तोवर ऐकेन, कितीही वेळ लागो, आणि मगच नाही म्हणेन. मोनालीला सांग, जेवायला आहे आणि राहायलाही आहे. हे काही एका दिवसात आटपणारं भांडण नाही, म्हणून शाळेत आठवड्याची रजा टाकली आहे.

तुझी अक्का